पुठ्ठ्याची खिडकी आणि चार बोटं

अक्काला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आमच्या घरात कुणी पेढे आणले नाहीत. आईने बातमी ऐकली, नुसतं ‘हं’ म्हटलं आणि देवापुढे जाऊन बसली. माझ्या या थोरल्या बहिणीची आधीची दोन्ही बाळं गेली होती, एक पोटातच, दुसरं जन्मल्यावर काही तासांत. त्या दुसऱ्या खेपेला अक्काही जाता जाता वाचली. म्हणून या वेळी बाळाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. ना झबली शिवायला घेतली, ना डोहाळजेवणाचा विषय निघाला. जसा काही अक्काला पोटाचा आजार झालाय आणि तो बरा व्हायची सगळे वाट बघताहेत.

अक्का सासरी जळगावला होती. आई आणि मी पारोळ्याला राहत होतो, मी तिथल्या पोस्टात कारकून होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका रविवारी तिला भेटायला गेले, तर ती खाटेवर पाय उशीवर ठेवून पडलेली. पाय सुजून पोळीच्या कणकेसारखे झालेले, बोट दाबलं की खड्डा पडायचा. रक्तदाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी जिना उतरायचीही बंदी केली होती. तिच्या सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या तसं तिने माझं मनगट धरलं.

“माझा एक फोटो काढ ना,” ती म्हणाली. “लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी खाली मान घालून बसलेय. तोंड एकातही दिसत नाही. काही झालं तर हार घालायला तरी...”

“गप्प बस!” मी खेकसले. मी घाबरले की खेकसते, ही माझी जुनी खोड. पण घरी परतताना बसमध्ये दुसरं काही सुचेना. तिने मरणाची तयारी चालवली होती आणि ती फक्त मला सांगितली होती.

स्टुडिओत तिला नेता येत नव्हतं. फोटोग्राफरला घरी बोलवावं तर कशासाठी ते सासूबाईंना सांगावं लागलं असतं, आणि त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती. उंच बाई, बोलणं मोजकं, आणि नजर अशी की उतू जाणारं दूध पातेल्यात परत बसावं. तेव्हा कॅमेराच मिळवायचा, असं मी ठरवलं.

धुळ्यात एक फोटोग्राफर दुकान बंद करून जुना माल काढत होता. त्याच्याकडे एक कॅमेरा होता, भिंग स्वच्छ, बटण चालू, पण व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, फुटून गेलेली. डोळा लावला की नुसता अंधार. “फोटो येईल बाई,” तो म्हणाला, “पण कुणाचा येईल ते सांगता यायचं नाही.” असला कॅमेरा घेणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो मला परवडला.

मी बी.एस्सी. झालेली, तोरा काही कमी नव्हता. खिडकी नाही तर खिडकी करू. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. पुढे लांबट चौकट, मागे डोळ्यापुरतं भोक, मधे दोन पट्ट्या, आणि आतून काजळी फासली. चौकट केवढी ठेवायची हा खरा प्रश्न होता. मग कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून फिल्मच्या जागी तेल लावलेला कागद बसवला, भिंगामागची झडप उघडीच राहील असं बटण दाबून धरलं आणि डोक्यावर गोधडी घेतली. कागदावर समोरची पाण्याची टाकी उमटली, उलटी, पण अगदी स्पष्ट. तेवढीच टाकी पुठ्ठ्यातून दिसेपर्यंत मी चौकट कापत राहिले. शेवटी पार्सलांवर शिक्का मारायला वापरतात ती लाल लाख मेणबत्तीवर वितळवली आणि पुठ्ठा कॅमेऱ्याच्या डोक्यावर पक्का चिकटवला. पारोळ्यात त्यावर निम्मा रोल काढून धुवून आणला. किल्ल्याची भिंत, आई, शेजारची शेळी, सगळं जिथल्या तिथे. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

मे महिन्यात आईला घेऊन जळगावला निघाले. आमच्याकडे मे महिन्यात दाराची कडी धरली तरी चटका बसतो. बसमध्ये जागा मिळाली ती ड्रायव्हरच्या मागे, इंजिनाजवळ. कॅमेऱ्याची पिशवी मी पायाशी ठेवली.

घरी गेल्यावर मी जाहीर केलं की नवा कॅमेरा आणलाय, घरच्यांचा एक फोटो काढते. एकट्या अक्काचा काढायला कारण काय सांगणार? अक्काला खाटेच्या कडेवर बसवलं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तिचे यजमान, आमचे भाऊजी. मी पुठ्ठ्याला डोळा लावला, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई अहिराणीत ओरडल्या.

“थांब! तीन जनसना फोटो काढतस नही.”

मी कॅमेरा खाली घेतला. तिघांच्या फोटोतला मधला माणूस जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. असल्या गोष्टींना मी उभ्या आयुष्यात हसत आले होते. पण मधे अक्का होती, आणि मला हसू आलं नाही. अक्काचा चेहरा तर पार उतरला.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि भाऊजींच्या शेजारी उभ्या राहिल्या. लेकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मी बी उभी राहसू. आते चार शेतस. काढ.”

चौघंही माझ्या चौकटीत नीट बसली होती. मी बटण दाबलं. दुसरा काढायचं म्हटलं तर सासूबाईंनी हात वर केला. “एक झाया, बस. तिले आडं पडू दे.”

फोटो धुवून आला तो मी पोस्टाच्या काउंटरवरच पाकिटातून काढला, आणि माणसं दोनदा मोजली. फोटोत तिघंच होती. डावीकडे भलतीच मोकळी भिंत आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, मग आई, मधे अक्का, मग भाऊजी, आणि संपलं. सासूबाईंची चार बोटं तेवढी भाऊजींच्या खांद्यावर राहिली होती. घरी येऊन कॅमेरा पाहिला तेव्हा उलगडा झाला. इंजिनाच्या धगीने लाख मऊ होऊन पुठ्ठा एका बाजूला कलला होता आणि तसाच पुन्हा घट्ट बसला होता. मी बघत होते एकीकडे, भिंग बघत होतं दुसरीकडे.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिकिटं देताना, मनीऑर्डर घेताना डोक्यात एकच. बोटं म्हणजे माणूस धरायचं की नाही? विज्ञान शिकलेली मी, रात्री उठून भिंगाने ती बोटं बघायची. फाडून टाकावा तर फोटोत अक्का होती, तिला कशी फाडू? आईला मी काही सांगितलं नाही. पोस्टात फोन वाजला की जळगावचाच असेल असं वाटायचं.

एके दिवशी खरंच भाऊजींचा फोन आला. “ती रोज विचारते, फोटो झाला का म्हणून. एकदा आणून दाखव.”

रोल खराब निघाला असं सांगायचं, हे वाटेत घोकून ठेवलं होतं. फोटो मात्र पर्समध्येच होता, आईच्या हाती पडेल म्हणून घरी ठेवायची भीती वाटली. दार सासूबाईंनी उघडलं. “फोटो लई उनी?” फोटो आणलास का, असं त्यांनी विचारलं, आणि त्या नजरेपुढे घोकलेलं सगळं मी विसरले. मी पर्स उघडून फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोटो उजेडात धरून खूप वेळ पाहिला. मग खाटेवरून अक्काने हात पुढे केला, आणि तो तिला न देण्याचं काही कारण कुणालाच सुचलं नाही.

“तीनच आलेत,” अक्का म्हणाली. “आणि मधे मी.”

“बोटं आहेत बघ ना सासूबाईंची,” मी घाईघाईने म्हटलं. माझाच आवाज मला रडका वाटला.

“मन्हा बोटं ऱ्हाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. त्या खाटेवर बसल्या आणि फोटोतल्या अक्काच्या पोटावर त्यांनी बोट ठेवलं. “तीन कसा? आठे जे शे, ते कोन मोजी? चार जन शेतस.”

सात महिन्यांत त्या बाळाला माणसात मोजलेलं ते पहिलं बोलणं. सासूबाईंनी ते बोट फोटोवर घट्ट दाबून धरलं होतं, उचललं तर चौथं माणूस निसटेल असं. या बाईलाही माझ्याइतकीच भीती वाटतेय, हे मला तेव्हा कळलं. अक्काने आमच्यादेखत पोटावर हात ठेवला आणि ती हमसून रडायला लागली. सासूबाईंनी तिला रडू दिलं.

पावसाळ्यात अक्काला मुलगी झाली. अक्काला रक्त द्यावं लागलं, आई, सासूबाई आणि मी दवाखान्याच्या बाकावर एकमेकींकडे न बघता बसून होतो. पण मायलेकी दोघी घरी आल्या.

पुढे मी चांगला कॅमेरा घेतला. सासूबाईंना कितीदा म्हटलं, तुमचा एक काढू द्या. त्या हात झटकायच्या. “मन्हा फोटो कसाले? हार घालाले का?” भाची शाळेत जायला लागली त्या वर्षी त्या गेल्या, आणि सगळं घर धुंडाळलं तरी त्यांचा एकही फोटो सापडला नाही.

भिंतीवर मी काढलेला तो फोटो होता. त्याला हार घालता येत नव्हता, त्यात तीन जिती माणसं होती. अक्काने फोटोच्या उजव्या बाजूला, भाऊजींच्या खांद्याच्या पलीकडे, कोऱ्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि हार त्याला अडकवला. माझ्या पुठ्ठ्याच्या खिडकीतून मी पाहिलं होतं, तेव्हा सासूबाई तिथेच उभ्या होत्या.