बिअरसाठी भांडं बघण्याचा कार्यक्रम

किस्से काही शोधायला जावं लागत नाही. तीन मराठी माणसांना एका बेसमेंटमध्ये सोडा आणि एक भांडं निवडायला सांगा, बस्स! आम्ही कॅनडातल्या रिचमंड हिलच्या तिघांनी चार वर्षांत प्यायच्या लायकीची एक बाटली काढली नाही. किस्से मात्र भरपूर काढले.

तिघं म्हणजे सुधीर, वानखेडे आणि मी. सुधीर पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. घर त्याचं, बेसमेंटमधली खोली त्याची आणि त्याच्या मते अक्कलही त्याचीच. वानखेडे नागपूरचा, इथल्याच केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी तपासतो. गाड्या घेणाऱ्यांचं देव भलं करो. माझं काम जड वस्तू उचलण्याचं.

* * *

घरी बिअर करायची तर माल्टचं गोड पाणी उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं आणि दोन आठवडे आंबू द्यायचं. झालं! आपल्या आया जन्मभर इडलीचं पीठ आंबवतात, त्यासाठी कुणी मीटिंग घेतल्याचं ऐकिवात नाही. पण सुधीरनं विचारलं, "आंबवायचं कशात?" आणि सहा महिने गेले.

त्यानं एक्सेल शीट केली. प्लॅस्टिकची बादली, काचेची कार्बॉय, स्टीलचं पिंप, आणि प्रत्येकापुढे चौदा कॉलम. हवा आत शिरते का, ओरखडे पडतात का, हँडल आहे का.

मी विचारलं, "अरे, चवीचा कॉलम कुठाय?"

"चव सब्जेक्टिव्ह असते," सुधीर म्हणाला. धन्य!

* * *

शेवटी काच जिंकली. कार्बॉय म्हणजे वॉटर कूलरवर उलटी ठेवतात ना, तसली बाटली, पण काचेची. पाणी गार झाल्यावरच ओता, असं बिअरच्या किटच्या डब्यावर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये छापलेलं होतं. सुधीरनं दोन्हीतलं एकही वाचलं नाही. उकळतं तसंच ओतलं.

ठक्क! बूड खाली, बाटली सुधीरच्या मिठीत आणि तेवीस लिटर चिकट पाणी त्याच्या बायकोच्या, वैशालीच्या, नव्या कार्पेटवर. त्याचे पाय वाचले ते विंटर बूट घातले होते म्हणून.

वैशाली जिन्यात उभी होती. तिनं व्हॅक्यूम आणून ठेवला आणि वर गेली.

सुधीर म्हणाला, "यू नो, थर्मल शॉकचा कॉलम राहिलाच!"

* * *

मग वानखेडे पुढे सरसावला. "काय बे, एवढं डोकं लावून राहिले! माझ्याकडे बादली आहे ना." बादली खरंच दणकट होती. इंडियन ग्रोसरीवाल्यानं फुकट दिलेली. त्यात आधी आंब्याचं लोणचं होतं, ही किरकोळ गोष्ट त्यानं बिअर तयार झाल्यावर सांगितली. "तीनदा धुतली ना बाप्पा!"

डॉक्टरकाकांना चाखायला दिली. काका म्हणजे आमच्या भागातले सगळ्यात जुने मराठी, रिटायर्ड, तोंडावर खरं बोलणारे. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "छान. बरोबर गरम पोळी असती तर..."

* * *

स्टीलची पाळी आली. विकत घेईल तो वानखेडे कसला! मराठी मंडळाचं मसालेभाताचं भलंमोठं पिंप त्याच्याच गराजमध्ये असतं. त्यानं त्यातच बॅच लावली. गणपती महिन्यावर आलेत, हे क्वालिटीवाल्याच्या लक्षात नाही!

मंडळाच्या कुलकर्णीकाकू पिंप पुरेल का बघायला दारात हजर. झाकण उघडलं तर वर फेस.

"हे काय?"

"कढी आहे काकू," वानखेडे म्हणाला.

काकूंनी डाव बुडवला, चाखलं, विचार केला आणि म्हणाल्या, "आंबट झालीय. गूळ घाला."

घातला. मूर्खानं खरंच घातला!

* * *

आणि मग वैशालीनं जाहीर केलं, "आई येत्येय सहा महिन्यांसाठी. बेसमेंटची खोली तिला."

सुधीरचा चेहरा पडला. थट्टा करतो मी, पण तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. ऑफिसात त्याला कुणी विचारत नाही, मुलगी त्याच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. अख्ख्या कॅनडात त्याचा शब्द चालायचा तो त्या एका खोलीत, आणि तोही आम्हा दोन गाढवांपुढे.

वैशालीलाही दिसलं असावं. म्हणाली, "एक शेवटची बॅच कर. डॉक्टरकाका चांगली म्हणाले तर खोली तुझी. आई नातीच्या खोलीत झोपेल."

सुधीरनं नवीकोरी बादली आणली, फूड ग्रेड, घट्ट झाकणाची. गॅस बाहेर जायला वर नळी, बुडबुड आवाज करणारी. बॅच लावली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसनं त्याला तीन आठवडे कॅलगरीला धाडलं. दोन दिवसांनी सासूबाई उतरल्या.

तिकडून रोज फोन. "बुडबुडतंय का?" "हो." पुढे, "आता बाटल्यांत भर." "भरल्या, चाळीस." वैशाली मोजकंच बोलते.

परतल्यावर शनिवारी आम्ही जमलो. काकांनी ग्लास उजेडात धरला, घोट घेतला. मग दुसरा. "सुधीर, ही बिअर आहे रे, चांगली बिअर! आणि बाटलीच्या तळाला गाळसुद्धा नाही?"

झालं! सुधीर उभाच राहिला. "काका, सगळा खेळ भांड्याचा! घरच्या बिअरला गाळ येतोच. पण योग्य बादली असली की..." वीस मिनिटं! वानखेडे मान डोलावतोय. सुधीरचे डोळे पाणावलेले. चार वर्षांत मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई चकल्यांची ताटली घेऊन खाली आल्या.

"कुठली बादली? ती पांढरी, नळीची?" त्या म्हणाल्या. "अहो, ती मी आल्या दिवशीच ओतून टाकली. काय वास मारत होती! स्वच्छ घासून वर ठेवलीय. चकलीचं पीठ आहे आता त्यात."

काकांनी ग्लास खाली ठेवला. वानखेडेची मान डोलायची थांबली. सुधीरनं हातातल्या बाटलीवरच्या, खरवडलेल्या लेबलाच्या चिकट डागाकडे पाहिलं, मग वैशालीकडे.

वैशालीनं ओपनर उचलला. "काका, चांगली आहे म्हणालात ना?" तिनं विचारलं. "मग अजून एक उघडू?"