पिठावरची पावलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. पुणतांब्याच्या शाळेत मी उभा जन्म विज्ञान शिकवलं, आणि पहिलंच सांगून टाकतो — मेल्यावर माणसाचं काही उरतं, यावर माझा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आज नाही. तुम्हाला वाटेल, म्हातारपणी मास्तर पाघळला. तसलं काही नाही.

मग लपवलं काय? सांगतो.

बाहत्तरच्या दुष्काळात माझे वडील गेले. दादा म्हणायचो आम्ही त्यांना. आमच्याकडं रीत अशी, की माणूस जिथं गेला तिथं जमिनीवर पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला तो जीव गेला. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, तीही जेमतेम. आईनं त्यातलंच मूठभर पीठ चाळून घेतलं. मला राग आला. सगळ्या भावकीदेखत म्हणालो, "काही उमटणार नाही. उद्या टोपली मीच उचलतो." मोठा शहाणा ना मी.

सकाळी उचलली — आणि पिठावर पावलं होती. चिमणीची. तीन बोटं पुढं, एक मागं. टोपलीची कड एका बाजूनं तुटलेली, तिथनं शिरली असणार. त्या साली चिमण्यांना तरी दाणा कुठं होता? एवढं बोललो असतो तरी भागलं असतं. आईनं तिचं मानलं असतं, मी माझं. पण भावकी दाराशी आलीच होती, आणि माझं हसं झालं असतं. बस्स, एवढंच. मी वाकलो आणि पिठावरून तळहात फिरवला.

"काय उमटलं का रं?" आईनं मागून विचारलं.

"काही नाही."

काही नाही म्हणजे जीव सुटला नाही, घराभोवतीच घोटाळतोय. तिचा हा समज मला ठाऊक नव्हता? चांगला ठाऊक होता. त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या ठेवू लागली. नदीच्या वाळूत झिरा खणून, वाटीवाटीनं भरून आणलेलं पाणी. सांजेला ते कमी दिसलं की म्हणायची, "पिऊन गेलं बघ. लई तहान हाय त्यांना." मी तिला बाष्पीभवन समजावलं. लाज वाटायला हवी होती — मला गंमत वाटली.

नऊ वर्षं तिनं तो तांब्या भरला. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरला — तोच हात — आणि म्हणाली, "माझ्या येळंला नीट बघ. तुझे दादा कुठं गेले, ते काय कळलंच न्हाई." तेव्हा तरी सांगावं की नाही? मी नुसती मान हलवली.

ती गेली तेव्हा पीठ मीच चाळलं, मीच पसरलं. सकाळी टोपली उचलून वाकलो, या वेळी नीट पाहिलं. पीठ जसंच्या तसं होतं. काय दिसलं, बायकोनं विचारलं. काही नाही, म्हणालो.

बाहेरचा तांब्या बायकोनं घासून आत आणून ठेवला होता. तो मी भरला आणि परत उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. विश्वास नाही, हे मी आधीच सांगितलंय.