रंग गेलेलं पाणी

आक्काचा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर भरवसा नव्हता. कुणाच्या घरी गेली तरी आधी विचारायची, “कुठलं पाणी हे?” त्यावरून तिनं काहीजणांचा रागही ओढवून घेतला होता.

ती येळ्ळूरची. बेळगावात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, मी तिच्या हाताखाली नवा. भातात टाकतात तोच युरिया ती झाकलेल्या मुशीत घालून भट्टीत तापवायची. अमोनियाच्या वासानं आमचे डोळे चुरचुरायचे आणि हाती यायची चिमूटभर पिवळी भुकटी. ती रंगाच्या पाण्यात टाकून ऊन दिलं की रंगाचे रेणू तुटत. बाकीचे हेच काम धातूंच्या संयुगांनी करत. आक्का म्हणायची, “पाण्यातली घाण काढाय पाण्यात धातू कशाला सोडायचा रं?”

पिरनवाडीला एक काकू सूत रंगवायच्या. रंगाचं पाणी परसात मुरून त्यांच्या विहिरीला निळसर झाक आली होती. आक्कानं विहिरीचं ते पाणी कॅनमधून आणलं, भुकटी टाकून गच्चीवर उन्हात ठेवलं, संध्याकाळी गाळलं. नितळ! बघायला आलेल्या काकूंनी हरखून ग्लास तोंडाला लावला, आणि आक्कानं तो हिसकावून घेतला. निम्मं पाणी काकूंच्या साडीवर सांडलं.

“काकू, रंग गेलाय. रंगाचं तुकडं आत हाईत का न्हाईत, मला अजून ठाव न्हाय.”

तपासणीत तुकडे निघाले. तरी प्रबंधात ‘पाणी शुद्ध झाले’ असं लिही, असं मार्गदर्शक सरांचं म्हणणं. आक्का म्हणाली, “सर, ‘रंग गेला’ एवढंच लिहिते.” सरांनी अबोला धरला, प्रबंध वर्षभर लांबला. त्या काळात ती एकदाच रडली, मुशी घासता घासता. “घरात इचारत्यात, कवा संपणार? काय सांगू रं?” मी दुसरी मूस घासायला घेतली.

शेवटी हाती लागलं ते एवढंच: भुकटी टाकून जास्त वेळ ऊन दिलेलं पाणी पुन्हा रंगकामाला चालतं. प्यायला नाही. काकूंनी रंगाच्या पाण्याला ऊन द्यायला उथळ हौद बांधून घेतला आणि परसात पाणी सोडणं थांबवलं. आधी मातीत मुरलेला रंग मात्र दर पावसाळ्यात थोडाथोडा विहिरीत उतरत राहिला.

पुढं आक्काला लांबच्या कॉलेजात नोकरी लागली. विहिरीचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे आलं. यंदा निळी झाक पार गेलेली. तपासणीतही काही सापडलं नाही. मी काकूंना म्हटलं, “आता प्यायला हरकत नसावी.”

“तुझं ऱ्हाऊ दे,” काकू म्हणाल्या. “ती पोरगी व्हय म्हणू दे, मग पिऊ.”

मी आक्काला फोन करून हे सांगितलं. ती हळूच म्हणाली, “आणि एक पावसाळा जाऊ दे रं.”