लोखंडी जोडीचा पोळा

लातूरला भंगाराच्या दुकानांची एक ओळ होती. दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यांत मी दुपारी तिथं नुसता बसून राहायचो. ऊन असं चढलेलं असायचं की तापलेल्या पत्र्यावरची हवा लवलव करायची आणि तिच्यामागचं सगळं हलतंय असं वाटायचं. इंजिनाचं चाक, सायकलीची साखळी, तुटक्या बादलीची कडी. सगळी कूस बदलत होती, जागी होत होती, आणि त्यांना हळूच उठवायचं काम माझ्याकडे दिलेलं होतं. कुणी दिलं होतं ते विचारू नका.

पोटासाठी मी एका गॅरेजात वेल्डिंग करायचो. उरल्या वेळात हलणाऱ्या वस्तू. दोरी ओढली की पंख पसरणारा बगळा, हँडल फिरवलं की मान वळवून बघणारी बाई. ‘याचा उपयोग काय?’ असं कुणी विचारलं की मी भांडायला उठायचो. राग माझ्या नाकावरच असायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, उपयोगसुद्धा विचारत नसत. ‘‘पोरगं भंगार गोळा करत बसलंय,’’ एवढंच शेजाऱ्यांना सांगत. ते मला फार लागायचं.

आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या सीमेला लागून. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण आप्पा बैलांशी कानडीत बोलत. तशी रीतच होती त्यांच्या घरची. बैलांना दुसरी भाषा कळत नाही अशी त्यांची खात्री होती. त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला, कडबा संपला, आणि आप्पांनी जोडी देगलूरकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. त्याच्याकडे अजून चारा होता. त्या दिवसापासून आमच्या घरातली कानडी बंद झाली. गोठा रिकामाच होता, म्हणून मी माझं सामान तिथं हलवलं. आप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. गावभर पाट्या रंगत होत्या, भाड्याच्या इमारतींत नव्या कचेऱ्या बसत होत्या, आणि दारात पाण्याचे टँकर उभे असायचे. एक साहेब जीप दुरुस्तीला घेऊन गॅरेजात आले, तिथं त्यांनी माझा बगळा पाहिला. चारदा दोरी ओढली, लहान मुलासारखे हसले. मग म्हणाले, ‘‘आमच्या आवारात काहीतरी उभं करायचंय. इथल्या मातीचं वाटेल असं काही करा. चालताना दाखवा. पसंत पडलं तर तुमचंच लावू.’’

मग मला दुसरं काही दिसेना. जागेपणी एकच स्वप्न: जिल्ह्याच्या कचेरीचं आवार, मधोमध माझं काम, आणि सात-बाराच्या कामाला आलेले आप्पा टोपी सारखी करत त्याच्यापुढं थांबलेले. बाकी जगानं काहीही म्हणावं. त्यांनी एकदा थांबून बघावं, एवढंच मला हवं होतं.

मी बैलजोडी करायला घेतली. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांची शिंगं, गवंड्याच्या थाप्यांचे कान, सायकलीच्या साखळ्यांच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळ्या. नांदेडच्या जुन्या बाजारात लोहाराचे दोन छोटे भाते मिळाले. ते मी फासळ्यांच्या आत बसवले. मागचं हँडल फिरवलं की पाय एकाआड एक उचलले जात, माना खालीवर होत, आणि भाते फुलून मिटत. नाकपुड्यांतून हवा बाहेर यायची, फुस्स करून. पहिल्यांदा ती माझ्या हाताला लागली तेव्हा मी चटकन मागे सरलो. गोठ्यात तिसऱ्या प्रहरी तिरपं ऊन यायचं, धूळ तरंगत राहायची, आणि मी हँडल फिरवत बसायचो. तासच्या तास. दोन बैल कुठंही न पोचता चालत असायचे, मीही त्यांच्याबरोबर कुठंतरी गेलेला असायचो.

हँडलची ताकद बैलांपर्यंत पोचायची ती एका आडव्या पाइपातून. दोघांच्या खांद्यांवर तो टेकवला होता, खटका दाबला की निघायचा. मीच हौसेनं त्याला जुवाचा आकार दिला होता.

साहेबांना बोलवायचा दिवसही मीच ठरवला. म्हटलं, पोळ्याला या, गावात वाजतगाजत असतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मी हे ठरवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी बाहेरून आलो तर गोठ्यातून आवाज येत होता. आप्पा कानडीत बोलत होते. दाराशीच थांबलो. त्यांनी जू काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वाटीत लोणी आणि हळद होती, आणि ते बैलांचे खांदे मळत होते. वेल्डिंगच्या खडबडीत सांध्यांवरून अंगठा फिरवत, हळूहळू, जिथं खऱ्या बैलांना जुवाचा घट्टा पडतो नेमकं तिथं. मग त्यांनी दोघांच्या कपाळाला विभूती लावली. मला वाटलं, म्हातारपणी माणूस खेळतो कधीकधी. लोण्याला धूळ चिकटेल, सकाळी रॉकेलनं पुसून काढू, असा विचार करून मी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. साहेब, बरोबर दोघं-तिघं, मागे अर्धं गाव. मी जू उचलायला गेलो तर आप्पा त्याच्यावर मांडी घालून बसलेले.

‘‘आप्पा, उठा. साहेब आलेत.’’

‘‘आज जू चढवायचं न्हाई.’’

‘‘जू चढवल्याबिगर ते हलत न्हाईत!’’

‘‘मग हलू नगंत. आज पोळा हाय. वर्सातून एक दिस बसू द्ये की त्यास्नी.’’

लोक हसले. साहेबही आधी हसले. मी हात जोडले, मग आवाज चढवला. आप्पा ढिम्म हलले नाहीत. साहेबांनी घड्याळ पाहिलं, बैलांभोवती एक चक्कर मारली, ‘‘छान आहे, पण चालताना बघायचं होतं’’ म्हणाले, आणि जीप गेली. पुढं त्या आवारात सिमेंटचं कारंजं झालं. पाणी नव्हतं, पण कारंजं झालं. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू.

जीपची धूळ खाली बसायच्या आत मी आप्पांवर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. ‘‘लोखंड हाय ते आप्पा! नुसतं लोखंड!’’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, गोंधळून.

‘‘नुसतं लोखंड करायचं व्हतं, तर त्याला श्वास कशापायी घ्यायला लावलास?’’

इतके महिने भंगाराच्या दुकानांतून, बाजारांतून मी जे शोधत फिरलो होतो, ते या माणसानं एका वाक्यात माझ्यापुढं ठेवलं होतं, आणि मी त्याच्यावर ओरडत होतो. मला लाज वाटली. आणि लाजेच्या खाली कुठंतरी फार आनंद झाला. मी तिथंच गव्हाणीला टेकून बसलो.

तेवढ्यात आई दाराशी आली. तिच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं. दुपार कलली तरी घरात कुणी जेवलं नव्हतं. पोळ्याला बैलांच्या आधी कुणी जेवत नाही. तिनं ताट आप्पांपुढं केलं. आप्पांनी ते घेतलं आणि माझ्याकडं सरकवलं.

‘‘तू घाल,’’ ते म्हणाले. ‘‘जोडी तुझी हाय.’’

मी पोळीचा तुकडा मोडला आणि बैलाच्या तोंडाशी नेला.