मामीची डाळ आणि माझा सल्ला

मामीची डाळमिल बंद पडली का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून तुमची आजी हे लिहिते आहे.

तुमचा मामा वाशीमला नोकरीला जातो. मिल तुमची मामी एकटी चालवते. शेतकऱ्यांची तूर घ्यायची, तिला तेलाचा हात लावून अंगणात वाळवायची, मग भरडून डाळ करायची. मंगरूळपीरचे दुकानदार वर्षानुवर्षं हीच डाळ नेत. पुढे आफ्रिकेतली आणि म्यानमारची तूर बंदरावर करमाफ उतरू लागली. मोठ्या कारखान्यांत तिची डाळ होऊन आमच्याकडे येते, तीही मामीच्या डाळीपेक्षा स्वस्त. एकेक दुकानदार यायचा थांबला. त्यांना तरी काय बोल लावायचा? गिऱ्हाईक मागेल तेच ते ठेवणार.

त्यात मी एक चूक केली. जन्मभर इंग्रजी शिकवताना मी मुलांच्या वह्यांना टापटिपीचे गुण दिले. मामीलाही म्हटलं, "डाळ चांगली आहे, पण मळकी दिसते. पॉलिश कर." तिला पटलं नव्हतं. माझ्या शब्दाखातर तिने पांढरी पावडर लावून डाळ चकचकीत केली.

त्याच आठवड्यात वस्तीतल्या जयंती उत्सवाच्या डाळ-बट्टीच्या पंगतीसाठी डाळ बघायला स्वयंपाकीणबाई आल्या, पिशवीत बाजारातल्या डाळीचा नमुना घेऊन. हे काम हातचं गेलं असतं, तर मामी मिलला कुलूप लावणार होती. बाईंनी मूठभर डाळ उचलली.

"काहून वं वयनी, डाळ हाये का आरसा? तोंड पाहाले बोलावलं का मले?"

त्यांनी डाळ पाण्यात टाकली. पाणी दुधासारखं झालं. मी मान खाली घातली. मामीने नाही घातली.

"पावडर लावली, ताई. खोटं कायले बोलू? बिनपावडरची आत हाये. ते अन् तुमच्या पिशवीतली बाजारातली, दोन्ही शिजवून पाहा."

मिलच्या सावलीत दोन पातेली चढली. बाजारातली डाळ आधी शिजली. मामीची उशिरा शिजली, पण घोटल्यावर एकजीव झाली. बाजारातलीचं पाणी वर आणि डाळ तळाशी.

"शिजाले लय भाव खाते तुही डाळ," बाई चाखून म्हणाल्या, "पण बट्टीवर टिकते. हे दुसरी तं पत्रावळीवरून पळून जाईन!"

पंगतीला मामीचीच डाळ गेली. जेवून उठलेल्या बायका दुसऱ्या दिवसापासून घरची तूर घेऊन येऊ लागल्या, भरडून दे म्हणून. दुकानदार मात्र बहुतेक परतले नाहीत. बाहेरच्या डाळीच्या भावाशी बरोबरी करणं मामीला आजही जमत नाही, आणि ती तसा आवही आणत नाही. मिल दुपारपर्यंतच चालते, पण रोज चालते.

गेल्या महिन्यात तिने दारावर पाटी लावायचं ठरवलं: 'डाळ चमकत नाही. शिजवून पाहा.' मी ब्रश मागितला. माझं अक्षर वळणदार आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.

"राहू द्या, आई," ती हसून म्हणाली, "तुमचं अक्षर लय पॉलिशचं हाये."

पाटी तिनेच रंगवली. ओळ जरा उजवीकडे उतरते. मी सरळ केलेली नाही.