कोरं पातेलं

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरचे एक काका राहत. थंडी पडली की ते बीफ-बटाट्याचा रस्सा शिजवत आणि जिन्यातून हाक मारत, "या ना बाप्पा, गरम आहे!" सगळ्यांना अरे-तुरे करत, आम्हा ब्राह्मण नवरा-बायकोला मात्र अहो-जाहो, आणि जेवायला कधीच बोलावत नसत.

एकदा बर्फाच्या वादळात लाइट गेले. काकांकडे कॅम्पिंगचा स्टोव्ह होता. संध्याकाळी ते नवं कोरं पातेलं घेऊन दारात आले.

"वरणभात आहे. यात बीफ कधी शिजलेलं नाही."

मला एकदम लाज वाटली. "काका, तुमचा रस्साच द्या ना."

काकांनी विचारलं, "मनापासून म्हणता, की लाज वाटली म्हणून?"

मला खरंच कळेना.