सारजामावशीचा कागद

दाबायला ठेवलेल्या फुलांवर सारजामावशी दगड ठेवत नसे, स्वतःच बसायची. वर्तमानपत्राच्या घड्यांत फुलं, वर-खाली प्लायवुडच्या फळ्या आणि त्यावर पान चघळत मावशी. म्हणायची, "दगडाला कळत न्हाई, कुठं किती दाबायचं."

मी वडवणीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. डोंगरात नमुने गोळा करताना शेळ्या राखणारी ही बाई भेटली. पहिल्याच दिवशी तिने माझा नमुन्याचा कागद उघडून एक पान पालथं घातलं. "पाठ दिसू द्या सर. पाठ बघितल्याबिगर वळख पटत न्हाई." नियम तोच आहे, मीच विसरलो होतो. दमट कागद रोज बदलायचे, याची मग तीच मला आठवण करून द्यायला लागली.

गेल्या वर्षी तिच्या कुरणाला लागून खडी क्रशर आला. मालकाला कुरणही हवं होतं. मावशी हटेना. एका दुपारी तिच्या कळपातल्या सात शेळ्या तडफडून मेल्या. पदरात चिरलेली पानं घेऊन ती माझ्याकडे आली.

"गवतात मिसळली हुती. कशाची हायती?"

"कण्हेर. जहर आहे मावशी."

"आपल्या डोंगरात कण्हेर कुठं हाय?"

नव्हतीच. तिने ते तुकडे एकेक जुळवून कागदात दाबले. वाळल्यावर म्हणाली, "आता चिठ्ठी लिवा. जागा, तारीख, आन् गोळा करणारीचं नाव."

"नाव नको. ती माणसं बरी नाहीत."

"बिननावाचा कागद कोण इचारतंय?"

मी तिचं नाव लिहिलं. पानं कुणी ओळखली, ते मात्र लिहिलं नाही. तिनेही विचारलं नाही.

कागद घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली. क्रशर काही दिवस बंद राहिला. एक अनोळखी माणूस कॉलेजात येऊन हसत विचारून गेला, "ती बाई तुमच्याकडंच येती न्हवं, सर?" मी घाबरून मावशीला सांगितलं. "इचारू दे की," ती म्हणाली आणि उरलेल्या शेळ्या घेऊन निघून गेली.

पंधरा दिवसांनी दिवेलागणीला शेळ्या एकट्याच घरी आल्या. मावशी कड्याखाली सापडली. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. पानं कशाची होती, ती कुणी आणली, कुणी ओळखली, सगळा जबाब स्वतःच्या नावानिशी दिला.

क्रशर पुन्हा सुरू झालाय. काल आमच्या फाटकासमोर एक मोटारसायकल बराच वेळ उभी होती. बायकोने आज दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली. सोमवारी मला पुन्हा ठाण्यात बोलावलंय. मी जाणार आहे.